आडात दोनशे सोळा

मु. पो. हिवरे बाजार,
ता. नगर, जि. अहिल्यानगर

राजमान्य राजश्री एसएमपीएस साहेब यांस,
पूर्वीचा मुक्काम – कॅबिनेटचा तळ. सध्याचा मुक्काम – आमच्या गोठ्यातली फळी

सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाच्या सुमारास, ऐन लढाईत, आपण संगणकाला वीज वाटण्याच्या कर्तव्यावरून निघून गेलात. जाताना 'टप्' असा एक आवाज केलात आणि करपलेल्या वायरीचा वास मागे ठेवलात. वास अजून खोलीच्या पडद्यांना आहे. आजीने दोनदा ऊद फिरवला, पण आपली याद काही जाईना. म्हटलं, इतकी सेवा केलेल्याला निदान चार ओळी तरी लिहाव्यात.

तीन वर्षांपूर्वी आपण आमच्या घरी आलात ते कॅबिनेटच्या पोटात बसून. नवरीबरोबर करवली येते, तसं. दुकानदार म्हणाला होता, "एसएमपीएस आतच आहे गुरुजी, वेगळे पैसे नाहीत." फुकट हा शब्द ऐकला की माझ्यासारख्या निवृत्त प्राथमिक शिक्षकाचा विवेक तिथल्या तिथे किरकोळ रजा टाकतो. शिवाय आपल्या अंगावर ठळक अक्षरांत छापलं होतं – ५०० वॅट. छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा, हे मी चौतीस वर्षं पोरांना शिकवत आलो. फळ मिळालं.

ती तीन वर्षं आपण कशी काढलीत, याचं मला आता कौतुक वाटतं. पुतण्याचा अभ्यास, माझी पेन्शनची कागदपत्रं, आजीची कीर्तनं. सगळं मिळून आपल्याला शंभर-सव्वाशे वॅटच्या वर कधी कोणी मागितलंच नाही. कर्ज न मागणाऱ्या माणसाला गावातला प्रत्येक जण सावकार वाटतो. आपण तसे सावकार होतात.

मग पुतण्याने ग्राफिक्स कार्ड आणलं. आरटीएक्स ३०६०. दुधाच्या पगारातून, दर दहा दिवसाला थोडं थोडं बाजूला टाकून, वर्षभर साठवून. (आमच्याकडे डेअरीचे पैसे येतात त्याला पगारच म्हणतात. नोकरी गाईची, पगार आमचा.) खोका उघडला तेव्हा आजीने विचारलं, "एवढा मोठा मिक्सर कशाला?" तो म्हणाला, "मिक्सर नाही गं, हे चित्र काढतं." आजीला ते पटलं नाही, पण दोन पंखे बघून तिने गप्प बसायचं ठरवलं.

बसवण्याचं काम पोराने अगदी रीतीने केलं, हे मी साक्षीला उभा राहून सांगतो. आधी मेन बटण बंद केलं, प्लग काढला, मग कॅबिनेटचं चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत राहिलेला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. कार्ड लांबट खाचेत सरळ दाबलं, शेवटचा खटका 'टक्' वाजला, स्क्रू पिळला. इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध. मग तो आपल्याकडे वळला.

कार्डाला आठ पिनांची वायर लागते. आपल्या अंगातून निघालेल्या त्या झिपऱ्यांमध्ये ती नव्हतीच! पाचशे वॅटचा पाटील आणि दारात बैलजोडी नाही. तिथेच आम्हाला कळायला हवं होतं. पोराने प्रोसेसरची आठ पिनांची वायर हातात घेतली आणि ती कार्डात ढकलायला लागला. दिसायला दोन्ही सारख्याच, पण आतली मांडणी उलटी. एकीचा बारा व्होल्ट तिथे दुसरीची जमीन. जोर लावून बसली असती तर त्याच दिवशी दिवाळी होती. मी म्हटलं, थांब. जे सहज जात नाही ते ढकलायचं नाही; पहिलीच्या पोरांना बूट घालताना मी हेच शिकवलंय. शेवटी दीडशे रुपयांची एक जोडवायर आली. तिची दोन टोकं आपल्या जुन्या चार पिनांच्या मोलेक्स वायरींत, आणि तिसरं टोक कार्डात. ठिगळावर ठिगळ. त्यातल्या त्यात नशीब, हार्ड डिस्कची सपाट साटा वायर वापरणारी जोडणी त्याने घेतली नाही. त्या वायरीच्या टोकाची बारा व्होल्टवरची ताकद ५४ वॅट, आणि आठ पिनांच्या तोंडाची भूक १५० वॅट. वाटीभर भाकरीच्या पिठावर पंगत उठवण्यासारखं ते.

पहिल्या दिवशी पडदा काळाच राहिला. 'नो सिग्नल'. अर्धा दिवस आम्ही कार्डाला शिव्या घातल्या. नंतर कळलं, मॉनिटरची वायर अजून जुन्याच भोकात, म्हणजे मदरबोर्डला लावलेली होती. कार्ड बिचारं खाली चित्र काढत बसलं होतं, आणि आम्ही वरच्या रिकाम्या खिडकीत डोळे लावून. हा गुन्हा आमचा. आपल्या खात्यावर टाकत नाही. न्याय म्हणजे न्याय.

दुसऱ्या दिवसापासून आपला पराक्रम सुरू झाला. संगणक चालू होई, गाणी लागत, आजीचं कीर्तन लागे, सगळं गुळगुळीत. खेळ सुरू केला की पाच मिनिटांनी, एखादा स्फोट-बिट झाला की, फट्. कोणी मेन बटण दाबावं तसा संगणक बंद. निळा पडदा नाही, चूक दाखवणारी ओळ नाही. पुन्हा चालू केल्यावर विंडोजच्या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' एवढीच नोंद. तिचा अर्थ, सरळ मराठीत: वीज गेली, का ते मला विचारू नका.

आणि साहेब, आपण किती साळसूद! आपल्या अंगावर दिवा नाही, पडदा नाही, आवाज नाही. आमच्या संशयाची वरात गावभर फिरली, आपल्या दारात मात्र आली नाही. आधी खेळ दोषी ठरला. तो काढून पुन्हा टाकला. मग रॅम, ती काढून खोडरबराने पुसली, कारण भारतात संगणक बिघडला की रॅम खोडरबराने पुसणं हा संस्कार आहे, सोळावा की सतरावा ते माहीत नाही. मग ड्रायव्हर, सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू नावाच्या झाडूने जुना ड्रायव्हर मुळासकट काढला आणि नवा घातला. मग उष्णता. ही शंका रास्त होती. आमची कडबाकुट्टी खोलीच्या खिडकीपासून दहा पावलांवर आहे आणि तिचा भुसा सगळ्या घराचा सदस्य आहे. ब्लोअरने धूळ काढली, तेव्हा पुतण्याने कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवले. हवेच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं. तापमान पाहिलं. खेळात सत्तर-बाहत्तर. कार्डाला हा ताप नव्हे, अंग मोडून काम केल्याची ऊब. शेवटी आजीने मीठ-मोहरी ओवाळून टाकली. त्याने निदान आजीचं समाधान झालं.

मग कार्डच खराब, असा निवाडा देऊन आम्ही ते मोटारसायकलवरून नगरला नेलं. दुकानातल्या पोराने आपल्या मशीनवर लावलं, तोच खेळ लावला, दीड तास चालवला. पापणी लवली नाही. आजारी गाईचं असंच असतं. डॉक्टर फाटकातून आत आले की ती रवंथ करायला लागते. पोरगा म्हणाला, "गुरुजी, कार्ड ठणठणीत आहे. घरी एसएमपीएस कुठला?"

पुतण्या छाती काढून म्हणाला, "पाचशेचा."

"पाचशे वॅटचा, का पाचशे रुपयांचा?"

साहेब, त्या वाक्याने आपला इतिहास सुरू होतो.

घरी आल्यावर मी चष्मा लावून आपल्या अंगावरचा कागद वाचला. वरचा ठळक आकडा नव्हे. खालचा बारीक तक्ता, जो मुंगीने लिहिल्यासारखा असतो. त्यात बारा व्होल्टच्या रांगेत लिहिलं होतं: १८ अँपिअर. चौथीच्या पोराला घालावा असा गुणाकार. बारा गुणिले अठरा, दोनशे सोळा. संगणकात वीज खाणारे दोन मोठे गडी, प्रोसेसर आणि कार्ड, दोघेही बारा व्होल्टच्याच ताटात जेवतात. कार्डाची भूक १७० वॅट. आमचा प्रोसेसर आय-फाइव्ह १२४००. पूर्ण ताणला तर ११७ वॅटपर्यंत जातो. खेळात इतका ताणत नाही, सत्तर धरा. एकशेसत्तर आणि सत्तर, दोनशे चाळीस. पंखे, डिस्क वेगळेच. आडात दोनशे सोळा, आणि पोहरा मागतोय दोनशे चाळीस. बाकीचे वॅट कुठे होते म्हणाल तर पाच आणि ३.३ व्होल्टच्या रांगांत, जिथे आता फारसं कोणी जेवायला बसत नाही. एवढं करूनही बेरीज पाचशेपर्यंत ताणायला डोळे मिटावे लागतात.

आता मला खरं दुःख कशाचं झालं ते सांगतो. फसवणूक झाली त्याचं नाही. बाजार आहे, चालायचंच. दुःख याचं, की ही फसवणूक हिवरे बाजारात झाली.

साहेब, आपण इथे तीन वर्षं राहिलात, पण कॅबिनेटबाहेर तोंड काढलं नाहीत म्हणून सांगतो. या गावात वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटर पाऊस. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा ओसाड डोंगर आणि मुंबई-पुण्याकडे निघालेली माणसं, एवढीच इथली पिकं होती. मग डोंगरावर सलग समतल चर खोदले, झाडं लावली, चराई बंद, कुऱ्हाड बंद. शेतीला बोअरवेल नाही. ऊस नाही, केळी नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पाण्याचा ताळेबंद. पाऊस मोजायचा, किती मुरला ते पाहायचं, माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं आधी वजा करायचं, आणि उरलेल्यावर ठरवायचं की यंदा रब्बीला काय घ्यायचं. पाऊस कमी तर गहू कमी. ग्रामसभेत बसून, आकडे मांडून. पोपटरावांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. देशभरातून बसा भरून माणसं हे बघायला येतात आणि वह्यांत लिहून घेतात.

आणि त्याच गावात, ग्रामसभेला हात वर करणाऱ्या माझ्या घरात, आम्ही आडात डोकावून न बघता उसाची लावण केली! आडावर 'पाणी भरपूर' अशी पाटी होती म्हणून. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, पाटी काय वाचतोस, दोर सोडून बघ. मी शाळेत पाण्याच्या ताळेबंदावर निबंध लिहून घेतले आहेत, साहेब. शुद्धलेखनाचे गुण कापले आहेत.

वर आणखी एक गंमत मला दुकानातल्या पोराने सांगितली. कार्डाची भूक सरळ रेषेत नसते. सरासरी १७० म्हणायचं, पण मधेच डोळ्याचं पातं लवायच्या आत ती कितीतरी वर उडी मारते आणि परत येते. लग्नाच्या पंगतीसारखं. पत्रिका दोनशेंना, पण मुहूर्त लागल्या लागल्या चारशे जण एकदम पानावर. म्हणून २०२२ साली एटीएक्स ३.० नावाचा नवा नियम आला. त्याप्रमाणे एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट मागणीसुद्धा १०० मायक्रोसेकंद, न डगमगता, भागवली पाहिजे. आपण? आपण पहिल्याच पंगतीला बघून मांडवाच्या मागच्या दाराने पळालात.

आपले भाऊबंद जगभर आहेत, हे समजल्यावर थोडा धीर आला. २०२१ साली कार्डांचा दुष्काळ पडला, तेव्हा अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानाने कार्ड हवं तर हा एसएमपीएसही घ्या, अशा जोड्या लावल्या. आमच्याकडे युरियाच्या गोणीबरोबर नको ते औषध गळ्यात मारतात, त्याला लिंकिंग म्हणतात. अमेरिकेतही तेच. त्या जोड्यांतले गिगाबाइटचे ७५० आणि ८५० वॅटचे दोन नमुने चाचणीत फुटायला लागले. कंपनीने शेवटी ते बदलून द्यायची तयारी दाखवली आणि जादा भाराला बंद पडण्याची मर्यादा १२०–१५० टक्क्यांवरून ११०–१२० वर आणली. पुढच्या वर्षी आरटीएक्स ४०९० आलं, आणि त्याच्या नव्या सोळा पिनांच्या वायरीची तोंडं वितळू लागली. त्या चिमुकल्या तोंडातून ६०० वॅट न्यायचे, म्हणजे बारा व्होल्टवर ५० अँपिअर. आमच्या गिझरच्या सॉकेटवर १६ लिहिलेलं असतं. एनव्हिडियाने त्या नोव्हेंबरात सांगितलं की जगभरातून सुमारे पन्नास तक्रारी आल्या आहेत, आणि बहुतेक ठिकाणी वायर पूर्ण आत बसलेली नव्हती. पुढे पिनाच बदलल्या. वायर अर्धवट बसली तर वीज मिळू नये, अशा. म्हणजे तिथे निदान लाखभराच्या वर किंमत असलेल्या वस्तू जळाल्या. आपण फुकट येऊन पंचवीस हजारांच्या वस्तूला घोर लावलात. परतावा बघितला तर आपलाच मोठा.

एका बाबतीत मात्र मला आपली माफी मागायची आहे. अनवाणी उभं राहून कॅबिनेटला हात लावला की बारीक झिणझिणी यायची. ती आपलीच करामत, असं मी गावभर सांगितलं. ते अर्धसत्य निघालं. प्रत्येक एसएमपीएसमध्ये येणाऱ्या विजेची खरखर गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ती खरखर ते अर्थिंगमध्ये सोडतात. अर्थिंगच नसेल तर तो गाळ पत्र्यावर येऊन बसतो. आमच्या घराच्या अर्थिंगचा खड्डा, मीठ आणि कोळसा घालून केलेला, वीस वर्षांपूर्वीचा. त्यात शेवटचं पाणी कधी ओतलं ते कोणालाच आठवेना. पाण्याच्या ताळेबंदात त्या खड्ड्याला वाटा ठेवायचा राहिला होता. वायरमनला बोलावून तो नव्याने भरला, बादलीभर पाणी घातलं, झिणझिणी गेली. तेवढा डाग आपल्यावरून पुसला.

शेवटच्या दिवसाबद्दल थोडं. नव्या एसएमपीएसला पुढचा दुधाचा पगार लागणार होता, दहा दिवस. पोरगं सतरा वर्षांचं, त्याला दहा दिवस म्हणजे दहा पावसाळे. त्याने कार्डाची वीज सत्तर टक्क्यांवर बांधली, फ्रेम साठवर अडवल्या. बरं चाललं होतं. चार दिवस चाललं. मी म्हणत होतो, अरे, गळक्या कॅनमध्ये कमी दूध घातलं म्हणून कॅन बुजत नाही. पण मीही त्याच्या मागे उभा राहून खेळ बघत होतो, हे इथे लिहायला हरकत नाही. पाचव्या दिवशी तुझ्या त्या ठिगळाच्या वायरीचं पांढरं तोंड तपकिरी झालं, वास आला, आणि तू – माफ करा, एकेरीवर आलो – आपण गेलात. कार्ड वाचलं. यात आपलं काहीच कर्तृत्व नाही, हेही नोंदवून ठेवतो.

पुतण्या पेचकस घेऊन आपल्याला उघडायला निघाला होता. मी हात धरला. भिंतीतली २३० व्होल्ट वीज आपल्या पोटात सव्वातीनशेच्या आसपास जाऊन बसते, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ दबा धरून असते. जिवंत असताना आपण कधी पुरेसे वॅट दिले नाहीत. मेल्यावर द्याल, याची मला खात्री होती.

आपल्या जागेवर आता ६५० वॅटचा नवा गडी आला आहे. दुकानात मी आधी बारीक तक्ताच वाचला: बारा व्होल्टला ५४ अँपिअर. पाटीवरच्या मोठ्या आकड्याशी बारीक आकडा जुळतो, दोनच वॅटचा फरक. दुकानातला पोरगा म्हणाला, वरचं ते ८० प्लस ब्राँझ बघा. मी म्हटलं, ते कळलं. तो घास किती वाया जातो त्याचा दाखला, मांडवातून पळणार नाही याचा नव्हे. मला किती वाढेल ते दाखव. पोरगा हसला आणि त्याने आणखी एक गोष्ट बजावली: नव्याला नव्याच्याच वायरी लावायच्या. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडचं प्रत्येक कंपनीचं वेगळं. दुसऱ्याची वायर चपखल बसते आणि सगळं जाळते. कार्डाला आता सरळ एक आठ पिनांची वायर जाते, मधे ठिगळ नाही. काल रात्री दोन तास लढाई झाली. घरात कोणी मेलं नाही, पडद्यावर बरेच मेले.

पुतण्याने टेबलाच्या वर भिंतीला एक कागद चिकटवला आहे. डावीकडे 'जमा', उजवीकडे 'खर्च'. प्रोसेसर, कार्ड, पंखे, डिस्क, एकेक ओळ, खाली शिल्लक. आजीने विचारलं, "यंदा पाऊस बरा झाला का?" तो म्हणाला, "बरा झाला."

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक निवृत्त गुरुजी

ता. क. – परवा भंगारवाला आला होता. फळीवर आपण दिसलात म्हणून त्याने सहज उचललं. अंगावरचा आकडा त्याने वाचला नाही. तळहातावर दोनदा झेललं आणि जिथल्या तिथे ठेवून दिलं. म्हणाला, "यात काय नाय, मास्तर."